निराधार गरोदर बाई आसऱ्याला आली तर: पहिल्या रात्रीपासून वेगळ्या खोलीपर्यंत

साखर कारखान्यांचे पट्टे पडले, म्हणजे गाळप संपलं, की मार्च-एप्रिलात ऊसतोडीच्या टोळ्या गावाकडं परततात आणि परतीच्या वाटेवर काही बायका मागं राहतात. कुणाला नवऱ्यानं टोळीतच सोडलेलं असतं, कुणी विधवा असते, कुणाचं लग्नच झालेलं नसतं आणि पाचवा महिना लागल्यावर घरच्यांनी बाहेर काढलेलं असतं. एरवीही पूर्णा, परभणी, नांदेडच्या स्टेशनांवर, तुळजापूर, परळी, औंढ्याच्या देवळांच्या ओवऱ्यांत अशी बाई दिसते. कुणीतरी तिला महिला मंडळाकडं, बचत गटाच्या अध्यक्षीणबाईंकडं किंवा एखाद्या छोट्या संस्थेच्या दारात आणून सोडतं, बहुतेक वेळा रात्री.

अशा वेळी खोली, जेवण, लुगडं यांची सोय गाव करतं. अडतं ते तारखांपाशी. वीस आठवडे, एकवीस दिवस, साठ दिवस अशा मुदती असतात, त्या कुणी मोजत नाही आणि मग वर्षभर हेलपाटे होतात. म्हणून खाली बरंचसं तारखांविषयीच आहे.

पहिली रात्र

आधी बसवा, पाणी द्या, मग जेवण. नाव, गाव, जात, नवरा कुठाय, मूल कुणाचं, हे त्या रात्री विचारायचं नाही. विचारायचं ते एवढंच: अंगावरून रक्त किंवा पाणी जातंय का, पोटात कळा आहेत का, बाळ हलतंय का, डोकं फार दुखतंय किंवा डोळ्यांपुढं अंधारी येते का, ताप किंवा झटका येऊन गेला का, पोटाला मार लागलाय का. शेवटचा प्रश्न बाकीच्या बायकांना बाहेर पाठवून विचारा. रक्त, पाणी, कळा, झटका, पोटाला मार, किंवा सहाव्या महिन्यानंतर बाळाची हालचाल कमी झालेली, यातलं काहीही असेल तर सकाळची वाट पाहायची नाही. १०८ ला फोन करा. धोक्याचं काही नसेल, फक्त दवाखान्यापर्यंत गाडी हवी असेल, तर १०२.

हाताच्या दंडाला बांधायचं डिजिटल बीपीचं मशीन घरात असावंच. दहा मिनिटं शांत बसवून बीपी घ्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा घ्या. दोन्ही वेळा १४०/९० किंवा वर असेल आणि बाकी त्रास नसेल तर उद्या सकाळी पहिलं काम दवाखाना. १६०/११० असेल, किंवा बीपी वाढलेलं असून डोकं दुखतंय, तोंडावर सूज आहे, तर त्याच रात्री. चालून दमून आलेल्या बाईचं बीपी पहिल्यांदा जास्तच येतं, म्हणून दोनदा.

दोन-तीन दिवस उपाशी असेल तर ताट भरून वाढू नका. पातळ वरण-भात, वर चमचाभर तूप, दीड-दोन तासांनी पुन्हा थोडं. झोपायला खालची खाट, आतून कडी लागणारं दार आणि संडासापर्यंत रात्रभर दिवा. तिच्याबरोबर दुसरं मूल असेल तर ते तिच्याच खाटेवर झोपू द्या. पहिल्या रात्री त्याला वेगळं नेलं की आई पहाटे निघून जाते.

हाक मारताना सगळ्यांना ताईच म्हणावं, वयानं कितीही लहान असली तरी. एकेरी बोलणं आपल्याकडं मायेचं असतं हे खरं, पण जिला घरातून हाकलताना एकेरीतच बोललेलं असतं तिला त्यातली माया ऐकू येत नाही.

तारीख काढणं

दुसऱ्या दिवशीचं पहिलं काम शेवटच्या पाळीची तारीख. पुष्कळ जणी तारीख सांगत नाहीत, सण सांगतात. ‘पोळा झाल्यावर चार दिवसांनी आली होती, मग आलीच नाही.’ भिंतीवरचं जुनं कॅलेंडर काढा. समजा २०२४ चा पोळा असेल, तर तो २ सप्टेंबरला होता. चार दिवस पुढं, म्हणजे ६ सप्टेंबर. त्यात नऊ महिने आणि सात दिवस मिळवायचे: १३ जून २०२५, ही बाळंतपणाची अंदाजे तारीख. त्याच ६ सप्टेंबरपासून वीस आठवडे २४ जानेवारीला पुरे होतात आणि चोवीस आठवडे २१ फेब्रुवारीला. या तिन्ही तारखा एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून तिच्या फाइलीच्या पहिल्या पानावर चिकटवा. सणही आठवत नसेल तर सोनोग्राफी. ती जितकी लवकर होईल तितकी तारीख खरी निघते. सातव्या-आठव्या महिन्यातल्या सोनोग्राफीत दोन-तीन आठवड्यांचा फरक सहज पडतो, तेव्हा त्या तारखेवर डोळे झाकून बसू नका.

वीस आणि चोवीस आठवड्यांचं महत्त्व असं. मूल ठेवायचं की नाही हा तिचा निर्णय आहे आणि १९७१ च्या वैद्यकीय गर्भपात कायद्यात, २०२१ च्या दुरुस्तीनंतर, वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरच्या मतानं गर्भपात होतो. वीस ते चोवीस आठवड्यांत दोन डॉक्टर लागतात, आणि ही सवलत बलात्कारपीडित, अल्पवयीन, गरोदरपणातच विधवा झालेली किंवा घटस्फोट झालेली, अशा ठरावीक स्त्रियांना आहे. सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये अविवाहित स्त्रीलाही त्यात धरलं. सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरते. नवऱ्याची, बापाची सही लागत नाही. तिला हे सगळं एकदा साध्या शब्दांत सांगायचं आणि गप्प बसायचं. ‘पाप लागेल’ किंवा ‘कशाला ठेवतेस’, दोन्ही वाक्यं आसऱ्याच्या घरात चालत नाहीत.

वय अठराच्या आत असेल तर

मग सगळा रस्ताच बदलतो. गावात लग्न लावून दिलेलं असलं, मुलगी स्वतः ‘माझ्या मर्जीनं’ म्हणाली, तरी पॉक्सो, म्हणजे बालकांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या, कायद्याच्या कलम १९ प्रमाणं पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. न कळवणं हा गुन्हा. १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनला फोन करा आणि चोवीस तासांच्या आत तिला बाल कल्याण समितीपुढं हजर करा. सुट्टी असेल तर समितीच्या एका सदस्यापुढंही करता येतं. उपचार मात्र तक्रारीसाठी थांबत नाहीत. आधी दवाखाना. आधारवरची जन्मतारीख पुष्कळदा अंदाजे १ जानेवारी अशी असते, म्हणून शाळेचा दाखला मागवा. शाळा सुटलेल्या मुलीचाही दाखला गावच्या शाळेच्या रजिस्टरात असतो.

तिचं नाव, फोटो, गाव कुठल्याही व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकू नका, मदत मागण्यासाठीसुद्धा नाही. लैंगिक अत्याचारातल्या पीडितेची ओळख उघड करणं हा वेगळा गुन्हा आहे. देणगीदारांना ‘लाभार्थी’सोबत फोटो हवा असतो. त्यांना सरळ नाही म्हणा. गव्हाचं पोतं आणून देणारा शेतकरी कधी फोटो मागत नाही, हे मात्र नोंदवण्यासारखं.

पोलीस, मुकादम आणि दारात आलेला नवरा

सज्ञान बाई असेल तर तिच्याच शब्दांत एक अर्ज लिहून घ्या: मी माझ्या मर्जीनं इथं राहते आहे, मला कुणी डांबलेलं नाही, माझा पत्ता कुणाला द्यायचा आणि कुणाला नाही. सही किंवा अंगठा, दोन बायकांच्या साक्षी. याची प्रत जोडून जवळच्या पोलीस ठाण्यात पत्र द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्क्यासकट पोच घ्या. घरच्यांनी ‘मिसिंग’ दाखल केलेली असली की पोलीस जबाब घ्यायला येतात. हे पत्र नसेल तर पळवून आणल्याचा आरोप तुमच्यावर येतो. पत्र असेल तर जबाब होऊन विषय मिटतो.

टोळीचा मुकादम येतो तो उचलीसाठी, म्हणजे हंगामाआधी आगाऊ दिलेल्या पैशांसाठी. नवरा-बायकोच्या जोडीला तो एक कोयता म्हणतो. ‘पन्नास हजार दिलेत, कोयता अर्धा राहिला, बाई पाठवा.’ उचल बाकी असली तरी तिच्यापायी माणूस अडवून ठेवणं किंवा ओढून नेणं १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्यानं गुन्हा आहे. त्याच्याशी हुज्जत घालू नका. तहसीलदारांकडं लेखी तक्रार जाईल एवढंच सांगा आणि खरोखर द्या. नवरा दारू पिऊन आला तर दार न उघडता ११२.

जिथं मार आहे, तिथं संरक्षण अधिकाऱ्याकडून २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालचा अहवाल भरून घ्या. तिला राहत्या घरात राहण्याचा हक्क आणि पोटगी, दोन्ही त्यातून मागता येतात. वकिलाचे पैसे नसतात, पण बाईला उत्पन्न कितीही असलं तरी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील फुकट मिळतो. फोन १५१००. जिल्ह्याच्या सखी वन स्टॉप सेंटरमध्ये पाच दिवस राहता येतं. बरोबर मुलगी कुठल्याही वयाची चालते, मुलगा आठ वर्षांपर्यंतचा. मोठा मुलगा असेल तर निघण्याआधी फोनवरच विचारून घ्या, नाहीतर तिथल्या दारात आई-लेकराची ताटातूट होते. पाच दिवसांनंतर शक्ती सदन, म्हणजे निराधार बायकांसाठीचं सरकारी योजनेतलं निवासगृह, किंवा तुमच्यासारखी जागा.

एक गोष्ट आधीच करून ठेवा. महिला आणि मुलांना निवासी ठेवायचं असेल तर जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांना लेखी कळवून, लागेल ती परवानगी घेऊनच. मुलांची संस्था बाल न्याय कायद्याखाली नोंदल्याशिवाय चालवली तर तुरुंग किंवा किमान एक लाख दंड, किंवा दोन्ही आहे. चांगल्या हेतूनं सुरू झालेली घरं इथंच बंद पडतात.

तपासणी आणि गोळ्या

दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी असते, स्त्रीरोगतज्ज्ञ बघतात, पैसे नाहीत. पण पहिल्या तपासणीसाठी ९ तारखेची वाट बघू नका. रक्तात हिमोग्लोबिन, रक्तगट, साखर, एचआयव्ही, सिफिलिस, कावीळ, आणि लघवी. किनवट-माहूर भागातली बाई असेल तर सिकलसेलही सांगा. माता-बाल संरक्षण कार्ड आणि आरसीएच नंबर, म्हणजे गरोदर बाईच्या सरकारी नोंदीचा नंबर, त्याच दिवशी घ्या. पुष्कळदा नंबर आधीच पडलेला असतो, दुसऱ्या गावात. तिथल्या आशाताईला फोन लावला की मिळतो, फक्त बाई सध्या कुठं आहे हे सांगायचं नाही.

लोहाची गोळी चौथ्या महिन्यापासून रोज एक, १८० दिवस, आणि बाळंत झाल्यावर पुन्हा १८० दिवस. हिमोग्लोबिन ११ च्या खाली आणि ७ पर्यंत असेल तर डॉक्टर दिवसाला दोन देतात. ७ च्या खाली दवाखान्यात भरती, ५ च्या खाली रक्त. कॅल्शियमच्या दोन गोळ्या वेगळ्या वेळी, कारण लोह आणि कॅल्शियम एकत्र घेतलं की लोह अंगी लागत नाही. चहाचंही तसंच. आमच्याकडची बाई सकाळ-दुपार चहावर असते आणि चहाबरोबरच गोळी गिळते, म्हणजे अर्धी वाया. गोळी रात्री जेवणानंतर, लिंबूपाण्याबरोबर. संडास काळा होईल हे आधीच सांगा. गोळ्या उशीखाली सापडल्या तर रागावू नका, कारण विचारा. ‘गोळ्यांनी मूल मोठं होतं, मग सिझर होतं’ ही समजूत फार आहे. जंताची एक गोळी तिसरा महिना संपल्यावर, धनुर्वाताचे दोन डोस चार आठवड्यांच्या अंतरानं.

मिश्री आणि तंबाखू लगेच बंद होत नाही. डबी हिसकावली की बाई बाहेर जाऊन लावते. दिवसातून किती वेळा लावते ते मोजायला सांगा, आठवड्याला एक वेळ कमी करा. मूल कमी वजनाचं का होतं ते दवाखान्यातल्या वजनकाट्यावर दाखवलेलं जास्त पटतं.

खोली, पाणी, ऊन

एका बाईमागं ५० चौरस फूट जागा धरा, बाळ धरून ७०. एका खोलीत तिघींपेक्षा जास्त नको. सहा बायकांच्या घरात एक गृहमाता कायम मुक्कामी, आणि कुणालाही नववा लागला की रात्री जागणारी एक मावशी. रखवालदार पुरुष असेल तर तो फाटकाच्या बाहेर. बोर्ड लावू नका.

पाण्याचा हिशेब आधी करा, खाटांचा नंतर. बाळंतीण आणि बाळ मिळून दिवसाला १२० लिटर लागतात, कारण लंगोट आणि रक्ताचे कपडे रोज धुवावे लागतात. नळ पाच दिवसांनी येत असेल तर सहा जणींना ३,६०० लिटर. म्हणून पाच हजारांची टाकी, त्याखाली नाही. लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, हे मराठवाड्यात कुणाला सांगायला नको. टँकरवाल्याचा नंबर भिंतीवर हवा.

पत्र्याच्या खोलीत एप्रिल-मेमध्ये दुपारी बाळंतीण ठेवू नका. पत्र्यावर चुन्याचे दोन हात द्या, दुपारी पश्चिमेच्या खिडकीला ओलं पोतं लावा. आपली हवा कोरडी असल्यानं कूलर चांगला चालतो, फक्त टाकी दर आठवड्याला रिकामी करून घासायची, नाहीतर डासांच्या अळ्या होतात. आणि त्या उन्हातही बाळाला टोपी, मोजे, दोन दुपटी गुंडाळून ठेवलेलं दिसतं. बाळ लाल होतं, अंग तापतं, घर घाबरतं. कपडे काढून एक सुती झबलं घाला, आईला पाजायला सांगा, अर्ध्या तासानं ताप पुन्हा मोजा. तरीही राहिला, किंवा बाळ पीत नसेल, तर लगेच दवाखाना. थंडीत उलट. तळपाय गार लागले की आईच्या छातीशी, उघड्या अंगाला अंग लावून.

जेवणाचं माप

महिन्याला एका गरोदर बाईचं: ज्वारी आणि गहू मिळून दहा किलो, डाळ पावणेतीन किलो, शेंगदाणे एक किलो, गूळ एक किलो, तेल एक लिटर, दूध रोज अर्धा लिटर, चालत असेल तर रोज एक अंडं. पालेभाजी रोज, ऋतूप्रमाणं तांदुळजा, चाकवत, शेपू, अंबाडी. बाळंतीण झाली की भूक याहून वाढते, तिला एक भाकरी आणि वाटीभर डाळ जास्त लागतेच. अळीव आणि डिंकाचे लाडू द्यायला हरकत नाही, पण त्यांच्या नादात वरण-भाजी कमी होऊ देऊ नका. पपई, केळी, भात, थंड पाणी यांचे पथ्य सांगणारी एक तरी आजी प्रत्येक घरात असते. बाळंतिणीला पाणी तोडणं उन्हाळ्यात फार महाग पडतं. अंगणवाडीतून घरी न्यायचा आहार तिला मिळतो. ती त्या गावची नाही म्हणून नाकारलं तर पर्यवेक्षिकेकडं जा.

बाळंतपणाचं

आठवा महिना लागला की पिशवी भरून दारामागं टांगा. त्यात कार्ड आणि सगळे रिपोर्ट प्लास्टिकच्या फोल्डरात, दोन गाऊन, बारा पॅड, सहा लंगोट, चार धुतलेली सुती दुपटी, टोपी, चप्पल, चार्जर, पाचशेची एक आणि शंभराच्या पाच नोटा. सोबत कोण जाणार, ती नसली तर दुसरी कोण, हे नाव लिहून.

सिझर आधी झालंय, बीपी आहे, हिमोग्लोबिन ७ च्या आसपास आहे, जुळं आहे किंवा बाळ आडवं आहे, तर ग्रामीण रुग्णालयाचा विचार सोडा. संभाजीनगरची घाटी, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ, नांदेडचं विष्णुपुरी, लातूर, जे जवळ असेल त्या मेडिकल कॉलेजमध्ये तारखेच्या आठवडाभर आधी दाखवून ठेवा. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात बाळंतपण, औषधं, रक्त, जेवण आणि परतीची गाडी फुकट आहे, साधं बाळंतपण असेल तर तीन दिवस आणि सिझरला सात दिवस. तरी बाहेरून औषधाची चिठ्ठी मिळाली तर अधिसेविकांना दाखवा.

‘नवरा कुठाय, सही कोण करणार?’ हा प्रश्न येणारच. सज्ञान बाईची सही तिची तीच करते. बरोबर संस्थेचं एक पत्र ठेवा, त्यात सोबत असणाऱ्या बाईचं नाव आणि फोन.

आणि जन्माचा अहवाल. प्रसूती कक्षातला कारकून बापाचं नाव विचारतो, बाई गप्प बसते, आणि तो काहीतरी भरतो, कधी तिच्या वडिलांचंच. ते दुरुस्त करायला महिने जातात. म्हणून काय लिहायचं आणि काय कोरं सोडायचं हे तिच्याशी आधी ठरवा आणि चिठ्ठीवर लिहून दवाखान्यात द्या. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलंय की अविवाहित आईनं शपथपत्र दिलं की बापाचं नाव न सांगता जन्मदाखला मिळायला हवा. एकवीस दिवसांच्या आत नोंद फुकट आणि विनाकटकट. तीस दिवसांपर्यंत विलंब शुल्क, पुढं वर्षभर स्वतः साक्षांकित केलेला कागद आणि परवानगी, वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्यांचा आदेश. नाव ठरलं नसेल तरी नोंद करा, नाव मागून घालता येतं. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळाच्या सरकारी कागदांवर आईचं नाव लावणं राज्यात सक्तीचंच आहे.

सव्वा महिना

पहिल्या तासात पाजणं, सहा महिने फक्त अंगावरचं दूध, मध-घुटी नाही, नाळेला काही लावायचं नाही. हे आशाताई सांगतीलच. त्या ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी यायला हव्यात, तारखा फाइलीत लिहा. बाजेखाली निखारे ठेवून शेक द्यायची पद्धत बंद खोलीत करू नका. धूर बाळाच्या छातीत जातो, पदर पेटतो. गरम पाण्याची पिशवी पुरते. एका तासात एक पॅड पूर्ण भिजला, थंडी वाजून ताप आला, किंवा पोटरी सुजून दुखायला लागली तर १०८.

पाचवी मात्र पुजा. पाटा-वरवंटा, दिवा, पाच फळं, सटवाईला लिहायला कोरा कागद. खर्च शंभर रुपयेही नाही. माहेर तुटलेल्या बाईला त्या रात्री आपलं कुणी नाही हे सगळ्यात जास्त टोचतं, आणि घरातल्या इतर बायका जागायला बसल्या की तेवढं निभतं.

पंधरा दिवसांनंतरही रडणं थांबत नाही, बाळाकडं बघवत नाही, झोप येत नाही, असं असेल तर १४४१६ या टेलिमानसच्या नंबरावर तिच्यासमोर बसून बोला. भास होणं, बाळ बदललंय असं म्हणणं, ही तातडीची गोष्ट आहे. बाळ दुसऱ्या बाईकडं द्या, तिला एकटी सोडू नका, त्याच दिवशी मेडिकल कॉलेज. आधीपासून मनोरुग्ण असलेली, रस्त्यावर फिरणारी गरोदर बाई सापडली तर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणं तिला ताब्यात घेऊन उपचाराला नेण्याची जबाबदारी पोलिसांची आहे. ठाणे, पुणे, नागपूर, रत्नागिरी इथल्या मनोरुग्णालयांपर्यंतचा प्रवास आठव्या महिन्यात करवू नका. आधी जवळच्या मेडिकल कॉलेजच्या मानसोपचार विभागात. तीन वर्षांखालचं मूल शक्यतो तिच्यापासून तोडायचं नाही, हेही त्याच कायद्यात आहे.

बाळ ठेवायचं नसेल तर

दवाखान्यातच कुणीतरी कानाशी लागतं, एक चांगलं घर आहे, बाळंतपणाचा खर्च देतील. असं परस्पर दिलेलं बाळ म्हणजे गुन्हा. पैसे घेतले तर बालविक्री, शिक्षा पाच वर्षांपर्यंत, आणि त्यात आईही अडकते. रस्ता एकच. आई स्वतः बाल कल्याण समितीपुढं जाते, समुपदेशन होतं, समर्पणपत्रावर सही होते, आणि साठ दिवस तिला विचार बदलायला मिळतात. या साठ दिवसांत तिला ‘झालं ते झालं’ म्हणू नका. एकसष्टाव्या दिवशी काही करता येत नाही, म्हणून चाळिसाव्या आणि पंचावन्नाव्या दिवशी मुद्दाम विचारा आणि तिनं जे सांगितलं ते लिहून ठेवा. दूध थांबायला काही दिवस लागतात, छाती दगडासारखी होते. घरगुती उपाय न करता डॉक्टरांना दाखवा.

पैसे

आधारपासून सुरुवात. पत्त्याचा पुरावा नसेल तर यूआयडीएआयच्या ठरलेल्या नमुन्यातलं प्रमाणपत्र राजपत्रित अधिकारी, सरपंच किंवा मान्यताप्राप्त आश्रयगृहाचे अधीक्षक देऊ शकतात. ते तीन महिनेच चालतं. मग मोबाइल नंबर. तिच्या आधारला आणि बँकेला पुष्कळदा नवऱ्याचाच नंबर जोडलेला असतो, ओटीपी त्याच्याकडं जातो आणि लाडक्या बहिणीचे दीड हजारही. नवा नंबर, पोस्टात नवं खातं, आणि आधार त्या नव्या खात्याला जोडलेला आहे ना हे बँकेत विचारून घ्या. सरकारी पैसा आधार ज्याला जोडलंय त्या खात्यात जातो, पासबुकाची झेरॉक्स कुठलीही दिली तरी.

मातृवंदना योजनेत पहिल्या मुलाला दोन हप्त्यांत पाच हजार, दुसरी मुलगी झाली तर सहा हजार. नवऱ्याचं आधार आता लागत नाही. संगणकचालक मागतो तेव्हा हे सांगा. पात्रतेसाठी ई-श्रम कार्ड सगळ्यात लवकर निघतं. संजय गांधी निराधार योजनेत विधवा, परित्यक्ता, घटस्फोटित स्त्रीला महिना दीड हजार, वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत, अर्ज तहसीलला. हे आणि लाडकी बहीण दोन्ही घेता येत नाही. एकल पालकाच्या मुलाला बालसंगोपन योजनेत महिना २,२५० रुपये. अर्ज जिल्हा बाल संरक्षण कक्षात, गृहचौकशी होऊन बाल कल्याण समितीचा आदेश निघतो. याला वेळ लागतो, म्हणून अर्ज बाळाच्या दुसऱ्या महिन्यातच टाका.

बाहेर पडताना

शिलाई मशीन वाटणं थांबवा. गल्लीत चौघींकडं मशीन असताना पाचवीला ब्लाउज कोण देणार? लातूर, नांदेड, संभाजीनगरला क्लासच्या पोरांच्या मेस आहेत, तिथं पोळ्या-भाकरीला बाई कायम लागते आणि बाळ सोबत नेऊ देणारी मालकीण शोधली तर सापडते. वाळूज, शेंद्र्याच्या कंपनीत पगार बरा, पण पाळी बदलते आणि रात्रीच्या पाळीला पाळणाघर उघडं नसतं, तेव्हा बाळ वर्षाचं होईपर्यंत तो नाद नको. काही जणी दसऱ्यानंतर पुन्हा टोळीबरोबर जायचं म्हणतात. अडवू नका. लसीचं कार्ड, सहा, दहा, चौदा आठवड्यांच्या तारखा, ओआरएसची दहा पाकिटं आणि तुमचा नंबर गळ्यातल्या पिशवीत शिवून द्या. लस वाटेतल्या कुठल्याही उपकेंद्रात मिळते.

खोली बघायची ती दोघींत मिळून. एकटीला घरमालक ‘मालक कुठायत?’ म्हणून परत पाठवतो, दोघी आणि दोन लेकरं असली की बहीण-बहीण म्हणून राहतात, एकीची कामाची पाळी असताना दुसरी लेकरं बघते. भाडेकरार तिच्याच नावानं. संस्थेच्या नावानं केला तर उद्या रेशनकार्डाला तो कागद चालत नाही. तीन महिन्यांचं भाडं बाजूला ठेवून मगच हलवा. सोबत शेगडी, तवा, परात, दोन पातेली, बादली, मच्छरदाणी, महिन्याचा किराणा आणि दाराला स्वतःचं कुलूप, किल्ल्या दोन, दोन्ही तिच्याकडं. फोन सातव्या दिवशी करा, पंधराव्या दिवशी करा, आणि तिसऱ्या महिन्याच्या पहिल्या आठवड्यात स्वतः जाऊन या. भाडं थकतं ते तिथंच.